मैदानावरची सेवकाई



२०१९ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. त्याच आठवड्यात लातूरच्या आमच्या चर्चमध्ये छोटासा सत्कार झाला. शाल आली, पुष्पगुच्छ आला, आणि आमचे पाळकसाहेब कौतुकानं म्हणाले, "सरांनी बत्तीस वर्षं शाळेत नोकरी केली. आता उरलेला काळ त्यांनी प्रभूच्या सेवकाईला द्यावा." मी मान डोलावली. घरी येताना मंडळी म्हणाल्या, "अहो, मग ही बत्तीस वर्षं तुम्ही काय करत होता?" प्रश्न चेष्टेचाच होता, पण मला काही तो गिळून टाकता आला नाही. आजचं हे बोलणं म्हणजे त्याचं उशिरानं दिलेलं उत्तर समजा.

'सेवकाई' हा आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरातला शब्द. उपासना चालवणं, शास्त्र सांगणं, आजाऱ्यांना भेटणं, दुःखात असलेल्यांजवळ बसणं, हे सगळं त्यात येतं. पहाटे साडेपाचला मैदानावर फक्की मारणं त्यात येतं का, असं कोणाला विचारलं तर तो हसेल. मी आयुष्यभर तेच केलं. जून १९८७ मध्ये नांदेडच्या एका अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागलो आणि २००१ मध्ये संस्थेनं लातूरला बदली केली. शाळा ख्रिस्ती संस्थेची नव्हती. सगळ्या शिक्षकांत ख्रिस्ती मी एकटाच. मुलं सगळ्या घरची होती. पटका बांधलेले शीख मुलगे होते, मुसलमान होते, बौद्ध, मराठा, लिंगायत, वंजारी, सगळे होते.

खेळ आणि मिशन यांचं नातं तसं जुनं आहे. आज मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी ग्रामपंचायतीशेजारी जाळी बांधून पोरं व्हॉलीबॉल खेळताना दिसतात. हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेत होल्योक या गावी विल्यम मॉर्गन नावाच्या वाय.एम.सी.ए.च्या व्यायामशिक्षकानं काढला, हे त्यांना कोण सांगणार? बास्केटबॉलही तिकडचाच. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी तो बसवला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही आणि बंद खोलीत पोरं धिंगाणा घालतात, म्हणून. क्रीडाशिक्षकाची सगळी अक्कल अशाच अडचणीतून येते, हे मी अनुभवानं सांगतो.

आपल्याकडे या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव हॅरी क्रो बक यांचं. हे अमेरिकन गृहस्थ वाय.एम.सी.ए.च्या कामासाठी भारतात आले आणि १९२० मध्ये त्यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं. शाळेत व्यायाम शिकवायला शिक्षकही शिकलेला हवा, हा विचार त्या वेळी नवा होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला जो भारतीय संघ गेला, त्याचे व्यवस्थापक बकसाहेबच होते. पुढे १९४३ मध्ये ते वारले ते भारतातच. त्यांच्या शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी देशभर शाळांची मैदानं उभी केली.

आणखी एक नाव घ्यायचं तर काश्मीरचे टिंडेल-बिस्को. १८९० मध्ये ते श्रीनगरच्या मिशन शाळेत आले. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलांपुढे फुटबॉल ठेवला, तर सगळी पंडितांची पोरं मागे सरली. चेंडू चामड्याचा, त्याला पाय कसा लावायचा? खेळ अक्षरशः जबरदस्तीनं सुरू झाला. एका मुलाच्या तोंडाला चेंडू लागला, तेव्हा तो विटाळला म्हणून रडू लागला आणि त्याला पाण्यानं धुऊन परत मैदानात आणावं लागलं. या माणसाबद्दल माझ्या मनात दोन विचार आहेत. त्यांची मुलं आग विझवायला धावायची, पुरात लोकांना काढायची, कॉलऱ्यात गल्ल्या साफ करायची. अभ्यासाइतकेच गुण त्यांच्या शाळेत अंगमेहनतीला आणि वागणुकीला असत. हे सगळं मी उचललं. पण परक्या मुलखातली पोरं बायकी आहेत, त्यांना आम्ही मर्द बनवतो, हा जो त्या काळच्या गोऱ्या साहेबांचा सूर होता, तो मला कधी पटला नाही. आपल्या अमरावतीत १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलंच की. त्यांना मर्दपणा कोणी बाहेरून आणून द्यावा लागला नाही. आणि आमच्या मराठवाड्यात तालमी तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लातूर जिल्ह्यातल्या हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव काढलं की आजही म्हातारी माणसं ताठ बसतात.

आता माझं सांगतो. नांदेडला आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचे आणि मार्चमध्ये भेगांत पाय मुरगळायचे. चारशे मीटरचा ट्रॅक बसत नव्हता. दोनशेचा आखायचा आणि वळणावर मुलं एकमेकांना धडकू नयेत म्हणून मी स्वतः उभा राहायचो. बहुतेक मुलं अनवाणी. स्पाइक्सचे तीन जोड सगळ्या शाळेत मिळून, तेही ज्याच्या पायाला बसतील त्याचे. पण त्या मैदानावर मी जितका सुखी होतो, तितका नंतर सिमेंटच्या गॅलरीतही झालो नाही.

बाहेरगावचे संघ नांदेडला आले की त्यांच्या जेवणाची मला कधी काळजी पडली नाही. सरळ गुरुद्वारात लंगरला घेऊन जायचं. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये कोण कुठला, कोणी विचारत नाही. पंगतीत बसा, दोन्ही हात पुढे करून रोटी घ्या, पोटभर जेवा. एकदा माझ्या संघातल्या एका शीख मुलाचे वडील मला जोडेघरात भेटले. चांगले व्यापारी माणूस, आणि लोकांच्या चपला कपड्यानं पुसत बसले होते. म्हणाले, "सेवा आहे, सर." त्या दिवशी आमच्या 'सेवकाई'कडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. माझ्या मनात तोवर सेवकाई म्हणजे तोंडाचं काम होतं.

कारण त्याआधी दोनच वर्षांपूर्वी मी एक चूक करून बसलो होतो.

१९८९ ची जिल्हा स्पर्धा. माझा रिलेचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला होता. शर्यतीआधी मी चारही मुलांना गोल उभं केलं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायला लावले, डोळे मिटायला सांगितले आणि येशूच्या नावानं प्रार्थना केली. माझ्या मनात खोट नव्हती. मला लहानपणापासून जे येत होतं, ते मी केलं. आम्ही दुसरे आलो. मुलं खूश, मी खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातल्या एकाचे वडील माझ्या खोलीवर आले. एस.टी.त कंडक्टर होते, ड्यूटीवरून तसेच आलेले. चहा घेतला नाही. म्हणाले, "सर, माझं पोरगं तुमच्यावर लई जीव टाकतं. तुम्ही हिरीत उडी मार म्हणालात तर मारंल ते. म्हणून इचारायला आलो. असं पोरगं हाताशी आलं की माणसानं त्याच्याकून काय काय करून घ्यावं?"

भांडायला आले असते तर मी भांडलो असतो. ते भांडले नाहीत. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी मुख्याध्यापकांना जाऊन सगळं सांगितलं. ते वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला रजा ठरलेली. त्यांनी टेबलाच्या खणातून राज्यघटनेचं पुस्तक काढलं आणि कलम २८ माझ्यापुढे ठेवलं. शासनमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मी वाचलं. मग ते पुस्तक मिटून म्हणाले, "हा झाला कायदा. आता माझं ऐका. तुम्ही प्रार्थना सोडू नका. पोरांसाठी कोणी देवापाशी काही मागत असेल तर मी कोण अडवणार? पण ती पोरांना ऐकू जाता कामा नये."

इतका चांगला सल्ला मला कुठल्या धर्मगुरूनंही दिला नाही. त्यानंतर तीस वर्षं मी फक्की मारताना प्रार्थना केली. पहिली लेन आखताना एका मुलाचं नाव, दुसरी आखताना दुसऱ्याचं. ज्याच्या घरी दारू आहे त्याचं, जिची आई दवाखान्यात आहे तिचं. मुलं यायच्या आत रेघा मारून झालेल्या असायच्या. त्यांना दिसायच्या त्या नुसत्या रेघा.

त्या कंडक्टरसाहेबांच्या बोलण्यातली खरी गोम मला पुढे हळूहळू कळत गेली. खेळाच्या शिक्षकाचं आणि मुलाचं नातं गणिताच्या शिक्षकासारखं नसतं. मूल त्याच्यापुढे घामेजलेलं, थकलेलं, हरलेलं, रडवेलं उभं असतं. त्या क्षणी तुम्ही जे सांगाल ते थेट आत जातं. म्हणूनच तिथे हात आखडता घ्यायचा. मुलानं टाकलेला विश्वास ही ठेव असते, ती दुसऱ्या कुठल्या खात्यावर वळवायची नसते, अगदी देवाच्यासुद्धा.

दुसरी चूक याहून मोठी. ती सांगताना आजही जीभ अडखळते.

एरिक लिडेल हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. 'चॅरियट्स ऑफ फायर' नावाचा १९८१ चा इंग्रजी चित्रपट त्याच्यावर निघाला. स्कॉटलंडचा हा धावपटू. त्याचे आईवडील चीनमध्ये मिशनरी होते आणि त्याचा जन्मही तिकडचाच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. रविवार प्रभूचा, म्हणून त्यानं शंभर मीटर धावायला नकार दिला. त्याऐवजी चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. आमच्या सगळ्या ख्रिस्ती मुलांना रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगतात. मीही तिच्यावरच वाढलो.

१९९६ मध्ये विभागीय स्पर्धेसाठी आमची मुलं नांदेडहून लातूरला जायची होती, आणि मुलग्यांच्या शर्यती रविवारी आल्या. मला लिडेल आठवला. मी मुख्याध्यापकांना सांगितलं की रविवारी मी उपासना सोडून येणार नाही, दुसऱ्या सरांना पाठवा. थोडासा मिरवलोही असेन. त्या सरांनी बिचाऱ्यांनी तक्रार न करता मुलांना लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी.नं नेलं.

माझा दोनशे मीटरचा मुलगा होता. पंधरवड्यापूर्वी त्याची मांडीमागची शीर धरली होती. मला ते ठाऊक होतं. त्याला एकच शर्यत धावू द्यायची, रिलेला उभं करायचं नाही, हेही माझ्या मनात होतं. सरांना सांगायचं राहून गेलं. मुलगा स्वतःहून कशाला सांगेल? त्या वयात कोणी सांगतं का? तो सकाळी दोनशे धावला, दुपारी रिले धावला, आणि वळणावर ओरडून खाली बसला. स्नायू फाटला होता. मी त्या वेळी नांदेडला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गीत म्हणत होतो.

तो मुलगा पुन्हा कधी वेगात धावला नाही. आज त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, भेटला की पाया पडतो, आणि एका शब्दानं कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

लिडेलची उरलेली गोष्ट मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळाली. रविवारच्या शाळेत ती कोणी सांगितली नव्हती. पदक मिळवल्यावर वर्षभरात तो चीनला गेला आणि तिएनत्सिनच्या एका शाळेत मुलांना विज्ञान आणि खेळ शिकवू लागला. म्हणजे तोही शेवटी क्रीडाशिक्षकच. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी परदेशी लोकांना वेइशिएनच्या छावणीत कोंडलं, त्यात तो होता. तिथे शेकडो मुलं आईबापांपासून तुटलेली होती. हा त्यांचे खेळ घ्यायचा, फाटक्या हॉकी स्टिका दुरुस्त करायचा. रविवारी मात्र खेळ नाही, हा त्याचा नियम तिथेही होता. पण एका रविवारी पोरांनी आपणच हॉकी मांडली, पंच कोणी नाही, आणि खेळाची मारामारी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी लिडेल पंच म्हणून मैदानात उभा राहिला. पदकासाठी ज्यानं रविवार मोडला नाही, त्यानं पोरांची डोकी फुटू नयेत म्हणून तो मोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, सुटका व्हायच्या काही महिने आधी, त्याच छावणीत मेंदूच्या गाठीनं तो गेला.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक पालथं ठेवलं आणि कितीतरी वेळ अंगणात बसून राहिलो. माझ्या हाती त्या गोष्टीचा अर्धाच भाग होता, आणि त्या अर्ध्याची किंमत दुसऱ्याच्या पोरानं मोजली होती. खरं तर त्या एस.टी.त मुलांबरोबर मी बसलो पाहिजे होतो. १९९६ नंतर एकाही रविवारच्या स्पर्धेला मी मुलांना एकटं पाठवलं नाही. उपासना शनिवारी संध्याकाळी घरी करायची. मंडळी आणि मी, दोघंच. यावर आमच्याच काही लोकांनी नाराजी दाखवली. ते प्रामाणिकपणे बोलत होते, मीही ऐकून घेतलं.

एक वेगळी आठवण सांगून लातूरकडे वळतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोण विसरेल? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नांदेडातच होतो. दुपारपर्यंत बातम्या येऊ लागल्या. मैदानावर आलेल्या मुलांना मी म्हणालो, आज धावायचं, पण घरोघर. चाळीस मुलं गल्ल्यांत पांगली आणि तासाभरात भाकरी, चटणी, चादरींचा ढीग झाला. कोण जास्त आणतो याची त्यांनी आपोआप स्पर्धा लावली. मी ती थांबवली नाही.

आता लातूर. २००१ मध्ये मी तिथे गेलो तेव्हा 'लातूर पॅटर्न'चा जोर होता. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांनी सगळा महाराष्ट्र लातूरकडे पाहत होता. गरिबाघरची पोरं डॉक्टर, इंजिनिअर झाली, हे मोठंच काम झालं, त्याला नावं ठेवणारा मी नाही. पण त्यात पी.टी.चा तास गेला तो गेलाच. वेळापत्रकात असायचा, आणि फळ्यावर बीजगणित. "सर, तुमचा तास द्या ना," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच खडू घेऊन वर्गाबाहेर उभा राहून म्हणायचो, "घ्या." मग सकाळचं मैदान उरलं. सकाळच्या मैदानावर यायची ती मुलं, ज्यांना शिकवणी परवडत नव्हती.

म्हणजे माझ्याकडे उरले ते शेवटचे. स्पर्धेतही बरेचसे शेवटचेच. एकदा शाळेच्या पंधराशे मीटरला एक मुलगा इतका मागे राहिला की तो रेषेवर पोहोचेपर्यंत पंच उठून गेले होते. अंतिम रेषेवरचा लोकरीचा धागा पहिल्यानं कधीच तोडलेला. पोरगं आलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ दप्तराकडे गेलं. आमच्या शास्त्रात हरवलेल्या एका मेंढराचा दाखला आहे, तो मला तिथे लख्ख दिसला. पुढच्या स्पर्धेत मी शेवटच्या मुलासाठी नवा धागा बांधला, टाळ्या वाजवायला लावल्या. मला वाटलं, केवढं छान काम केलं! तो मुलगा नंतर हळूच येऊन म्हणाला, "सर, असं नका करू. लाज वाटते."

बरोबर होतं त्याचं. दया चारचौघांत केली की ती मारासारखी लागते. मग मी एक मोठी वही घातली. प्रत्येक मुलाची प्रत्येक शर्यतीची वेळ तिच्यात लिहायची, पहिल्याची आणि शेवटच्याचीही, सारख्याच शाईनं. आपली मागची वेळ काय होती आणि आज काय आली, एवढंच पाहायचं. शेवटून पहिला येणारा पोरगाही वहीकडे पळत यायचा. "सर, चार सेकंद कमी!" त्या वह्या सतरा झाल्या.

त्यातल्या एका वहीत २०११ साली सातवीतल्या एका मुलीची ८०० मीटरची वेळ आहे, ३ मिनिटं ४१ सेकंद. फार काही नाही. पण ती धावून आल्यावर धापा टाकत बसली नाही, वळून म्हणाली, "अजून एकदा पळू का?" घरचं माणूस मूळ जळकोट तालुक्यातलं. पावसाळ्यात लातूरच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायचं, वडील मोंढ्यात हमाली करायचे, आणि दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको मिळून कोयता घेऊन ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतलेली असायची. धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला मुलगी बरोबर हवी. म्हणजे शाळा मार्चपर्यंत बंद. त्यातून सातवीतली दर वर्षी एक-दोन नावं पटावरून कायमची जायची, आणि मुलींची नावं गेली की पुढच्याच उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका यायची.

२०१३ मध्ये ती नववीत होती. विभागीय स्पर्धा जवळ आलेली आणि कारखान्याचे ट्रक निघायची वेळही तीच. मी खोलीवर गेलो. मला वाटलं होतं, पदकाबिदकाचं सांगावं. पण तिथली चूल पाहिली आणि पदकाचा शब्द तोंडातून निघाला नाही. मी म्हणालो, तिची आजी इथे राहील, ही आणि भाऊ दोघंही शाळेत राहतील, दुपारी शाळेत जेवतील, बाकी किराणा आम्ही चार शिक्षक पाहू.

वडील बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "सर, तुमी किरिस्ताव ना?"

म्हटलं, "हो."

"मग तुमच्या मनात काय हाय, सपष्ट सांगा."

चोवीस वर्षांपूर्वीचे कंडक्टरसाहेबच पुन्हा समोर बसल्यासारखं झालं. म्हटलं, "मनात एवढंच आहे की दिवाळीनंतरही तिनं वर्गात बसावं. धर्म तुमच्या घरचा. त्यात मी पाय ठेवणार नाही."

"लिहून देता का?"

दिलं. वहीतलं एक पान फाडलं आणि लिहून, खाली सही, तारीख. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पान घडी घालून टोपीत ठेवलं आणि आजीला हाक मारली.

विभागाला ती चौथी आली, पहिल्या तिघींत नाही. मी तिला घासाघीस करून आणखी वेग काढायला लावलं असतं तर कदाचित तिसरी आली असती. तो मोह मला झाला, हे कबूल करतो. पण तिच्या पायात रक्त कमी होतं, डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि मला दोनशे मीटरचा तो मुलगा आठवत होता.

मग २०१६ चा उन्हाळा. लातूरच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी दहा वाघिणींची होती. आमचं सुट्टीतलं सराव शिबिर सुरू होऊन तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी मैदानावर सहा मुलं. बाकीची कुठे? टँकरच्या रांगेत. मीही शिबिर बंद केलं आणि दोन घागरी घेऊन तिथे गेलो. आमच्या पोरांचा तिथे भलताच उपयोग झाला. दम असलेली पोरं, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घागरी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचवायची. स्टॉपवॉच मी घरीच ठेवलं होतं, तरी एकानं विचारलंच, "सर, वेळ लावता का?"

हे सगळं पाळकसाहेबांना त्या दिवशी सांगता आलं नाही. आमच्या पौलानं करिंथच्या लोकांना लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला आहे. बक्षीस एकालाच मिळतं, तुम्ही ते मिळेल असं धावा, अशा अर्थाचा. मी तो दाखला शेकडो वेळा ऐकला. पण मी उभा असायचो तो अंतिम रेषेवर, आणि तिथून दिसायचे ते बाकीचे सात.

२०२३ च्या उन्हाळ्यात एका दुपारी दाराशी मोटारसायकल थांबली. तीच मुलगी, पोलीस भरतीत निवड होऊन आलेली. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. हातात पेढ्यांचा पुडा. मागे वडील, थकलेले, टोपी तीच. मंडळींनी चहा टाकला. मुलगी म्हणाली, "सर, माझी सातवीतली वेळ बघायची होती." वह्या माळ्यावर होत्या. धूळ झटकून एकेक काढली. ३ मिनिटं ४१ सेकंद. तिनं मोबाईलवर फोटो काढला आणि हसत सुटली. "एवढी हळू होते मी?"

वडिलांनी टोपी काढली. आत प्लास्टिकच्या पिशवीत ते पान होतं, घड्यांवर चिरलेलं. त्यांनी ते मुलीपुढे धरलं. म्हणाले, "काय लिहून दिलतं सरांनी, कुणाला वाचाया दिलंच नाही म्या. वाच बरं."

तिनं उभं राहून वाचलं. मग चहा आला.